लखोट्यावरील नाव : वाय-फाय फ्रेमचे वाचन

तारेतून जाणारा संदेश तारेपुरता मर्यादित असतो. बिनतारी संदेशाला अशी मर्यादा नसते. एखाद्या ग्रंथालयातील वाय-फाय यंत्रणेने एका वाचकाच्या संगणकाकडे पाठविलेली माहिती त्या दालनातील इतर संगणकांपर्यंतही पोहोचते. ती आपल्यासाठी नाही, हे त्या संगणकांना केवळ तिच्यावरील पत्त्यावरून कळते आणि ते ती सोडून देतात. वाय-फायचा व्यवहार अशा रीतीने लखोट्यावर लिहिलेल्या नावावरील विश्वासावर चालतो. हा विश्वास कोठे सार्थ ठरतो आणि कोठे ठरत नाही, हे ओळखणे हेच फ्रेम-विश्लेषकाचे मुख्य काम होय.

वाय-फायची नियमसंहिता आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेने १९९७ मध्ये ८०२.११ या क्रमांकाने प्रसिद्ध केली. तिच्यात पुढे पुष्कळ भर पडली, परंतु संदेशाची मूळ बांधणी बव्हंशी तीच राहिली. संदेश लहान लहान तुकड्यांनी पाठविला जातो. अशा तुकड्याला, त्याच्या आरंभीच्या पत्त्यासह आणि शेवटच्या तपासणी-अंकासह, फ्रेम म्हणतात. फ्रेम्स टिपून त्यांचे वाचन करण्याच्या विद्येसाठी स्वतंत्र परीक्षाही आहे. सीडब्ल्यूएनपी या संस्थेचे ‘सर्टिफाइड वायरलेस ॲनॅलिसिस प्रोफेशनल’ हे प्रमाणपत्र त्याच विषयाचे आहे. परीक्षार्थी फ्रेमच्या प्रकारांची कोष्टके पाठ करतो, आणि ते आवश्यकही आहे. मात्र समोरची फ्रेम जे सांगते ते खरे कशावरून, या प्रश्नाचे उत्तर कोष्टकात सापडत नाही.

फ्रेमची रचना

सामान्य व्यवस्थापन-फ्रेमचा शीर्षभाग २४ बाइटांचा असतो. पहिल्या २ बाइटांत फ्रेमची जात व तिच्याविषयीच्या काही खुणा असतात. पुढील २ बाइटांत आणखी किती मायक्रोसेकंद हवेतील मार्ग व्यापलेला राहील ते सांगितलेले असते. ते ऐकून इतर यंत्रे तेवढा वेळ थांबतात. त्यानंतर प्रत्येकी ६ बाइटांचे तीन पत्ते येतात. शेवटच्या २ बाइटांत फ्रेमचा अनुक्रमांक असतो. तो ० पासून ४०९५ पर्यंत वाढत जातो व पुन्हा ० पासून सुरू होतो. शीर्षभागानंतर मजकूर येतो आणि सर्वांत शेवटी ४ बाइटांचा तपासणी-अंक.

पहिला बाइट वाचण्याची रीत सोपी आहे. त्यातील आठ बिट उजवीकडून डावीकडे वाचावयाचे. पहिले दोन नियमसंहितेची आवृत्ती दाखवितात, पुढील दोन फ्रेमचा वर्ग आणि उरलेले चार उपवर्ग. वर्ग ‘००’ असेल तर ती व्यवस्थापनाची फ्रेम, ‘०१’ असेल तर नियंत्रणाची आणि ‘१०’ असेल तर प्रत्यक्ष माहितीची. ‘१०००००००’ हा बाइट दिसला की ती व्यवस्थापन वर्गातील बीकन नावाची फ्रेम होय. ॲक्सेस पॉइंट, म्हणजे यंत्रणेचे मध्यवर्ती केंद्र, तिच्याद्वारे आपले अस्तित्व जाहीर करते. बहुधा दर १०२.४ मिलिसेकंदांनी. ‘११०१०१००’ ही नियंत्रण वर्गातील पोच होय. रजिस्टर टपालाची पोचपावती जशी प्रेषकाकडे परतते, तशी ही फ्रेम मिळताच पहिली फ्रेम पोहोचल्याचे पाठविणाऱ्यास समजते. ती न आल्यास तो तीच फ्रेम पुन्हा पाठवितो आणि दुसऱ्या बाइटातील पुनरावृत्तीची खूण उभी करतो. अशा खुणा फार दिसू लागल्या की अंतर, अडथळे किंवा गर्दी यांपैकी काहीतरी आड येत आहे, असे विश्लेषक समजतो.

निरोपाची फ्रेम

आता ‘११००००००’ हा बाइट पाहावा. वर्ग व्यवस्थापनाचा, उपवर्ग ‘११००’, म्हणजे बारा. ही डीऑथेंटिकेशन फ्रेम, मराठीत विच्छेद-फ्रेम म्हणता येईल. तिचा मूळ मजकूर अवघा २ बाइटांचा असतो आणि त्यात संबंध तोडण्याच्या कारणाचा क्रमांक लिहिलेला असतो. नियमसंहितेच्या दृष्टीने ही विनंती नव्हे, सूचना आहे. ज्याला ती मिळते त्याने ती नाकारावयाची नसते. त्याचा संबंध तेथेच तुटतो व सारी ओळख पुन्हा करून द्यावी लागते.

मूळ योजनेत या सूचनेवर कोणतीही सही नव्हती. लखोट्यावर प्रेषक म्हणून ॲक्सेस पॉइंटचा पत्ता लिहिला की सूचना त्याच्याकडूनच आली असे संगणक मानीत असे. तपासणी-अंकाचाही येथे उपयोग नाही. प्रवासात बिट बिघडले तर तो अंक जुळत नाही. परंतु खोटी फ्रेम रचणाऱ्यालाही तो बिनचूक काढता येतो. तपासणी-अंक म्हणजे सही नव्हे, हा धडा विद्यार्थ्याने आरंभीच पक्का करावा.

जॉन बेलार्डो व स्टीफन सॅव्हेज यांनी २००३ मध्ये एका शोधनिबंधात हा दोष प्रत्यक्ष प्रयोगांनी दाखवून दिला. त्यांनी सुचविलेला उपायही मार्मिक होता. निरोपाची सूचना आल्यावर ॲक्सेस पॉइंटने ती पाच ते दहा सेकंद राखून ठेवावी. तेवढ्यात त्याच संगणकाकडून माहितीची फ्रेम आली, तर निरोप खोटा समजून टाकून द्यावा. कारण खरोखर निरोप घेतलेला बोलत राहत नाही. २००४ च्या ८०२.११आय या पुरवणीने मजकुराला भक्कम सांकेतिक आवरण दिले. व्यवस्थापनाच्या फ्रेम्स मात्र उघड्याच राहिल्या.

या उणिवेचा परिणाम सामान्य माणसालाही भोगावा लागला. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मॅरियट कंपनीच्या व्यवस्थापनाखालील गेलॉर्ड ऑप्रीलँड या हॉटेलात पाहुण्यांनी स्वतः उभारलेल्या वाय-फाय जोडण्या तुटत असत. मार्च २०१३ मध्ये तेथील संघीय संचार आयोगाकडे तक्रार गेली. हॉटेलचे कर्मचारी देखरेखीच्या यंत्रणेद्वारे विच्छेद-फ्रेम्स पाठवून या जोडण्या तोडीत होते, असे चौकशीत आढळले. दुसरीकडे परिषदांतील प्रदर्शक व इतर सहभागी यांच्याकडून हॉटेलच्या वाय-फायसाठी एका यंत्रामागे २५० ते १,००० डॉलर घेतले जात होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीने ६ लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

खरेखोटे कसे ओळखावे

विच्छेद-फ्रेम दिसली म्हणजे ती खोटीच, असे समजू नये. ॲक्सेस पॉइंट बंद होताना किंवा संगणक दूर निघून जाताना खरी फ्रेमही येते. म्हणून विश्लेषक तीन गोष्टी ताडून पाहतो. पहिली, अनुक्रमांक. ॲक्सेस पॉइंटच्या लागोपाठच्या बीकनचे अनुक्रमांक २१०१, २१०२, २१०३ असे चालले असता मध्येच त्याच्या नावाची ४१७ क्रमांकाची विच्छेद-फ्रेम आली, तर संशयास जागा आहे. दुसरी, संकेताची शक्ती. बीकन उणे ४८ डीबीएमने ऐकू येतात आणि त्याच नावाचा निरोप उणे ७१ ने, तर बोलणारा दुसरीकडे उभा असण्याचा संभव मोठा. ही शक्ती फ्रेममध्ये लिहिलेली नसते. ऐकणारा ती स्वतः मोजतो, म्हणून तिचे मोल अधिक. तिसरी, वर्तन. निरोपानंतरही ॲक्सेस पॉइंट पूर्वीप्रमाणेच त्या संगणकासाठी माहिती पाठवू पाहत असेल, तर निरोप त्याचा नव्हता. या तिहींपैकी एकट्या खुणेवरून निर्णय देऊ नये. तिन्ही एका दिशेला बोट दाखवीत असतील तरच द्यावा. असे निरीक्षण अर्थातच स्वतःच्या किंवा परवानगी मिळालेल्या यंत्रणेवरच करावे.

नियमसंहितेत या फ्रेमवर सहीची सोय झाली ती २००९ मध्ये, ८०२.११डब्ल्यू या पुरवणीने. तिच्यानुसार एका संगणकास उद्देशून पाठविलेली विच्छेद-फ्रेम उभयतांच्या गुप्त किल्लीने सांकेतिक केली जाते, आणि सर्वांस उद्देशून पाठविलेल्या फ्रेमला तिची सत्यता पटविणारी सांकेतिक खूण जोडली जाते. किल्ली ठाऊक नसलेल्याचा निरोप मग स्वीकारला जात नाही. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ या सुरक्षा-पद्धतीत हे संरक्षण सक्तीचे झाले. एखाद्या यंत्रणेत ते आहे की नाही, हे तिच्या बीकनमध्येच वाचता येते. सुरक्षेच्या विभागात त्यासाठी दोन बिट आहेत : एक संरक्षणाची क्षमता दाखवितो, दुसरा सक्ती. क्षमता असून सक्ती नसेल, तर संरक्षण न जाणणारी जुनी यंत्रे अद्याप असुरक्षित जोडणी करीत असतील, असे समजावे.

तरीही किल्ली ठरण्यापूर्वीच्या ओळखीच्या फ्रेम्सना या किल्लीचे संरक्षण मिळू शकत नाही, आणि पोच ही फ्रेम इतकी त्रोटक असते की तिच्यावर पाठविणाऱ्याचा पत्ताही नसतो. म्हणून कोणतीही फ्रेम वाचताना तिच्यात काय लिहिले आहे याबरोबरच ते लिहिण्यास कोण समर्थ होता, हेही विचारावे. ही सवय जडलेला विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण होईलच; शिवाय एखाद्या कार्यालयातील जोडण्या वारंवार तुटू लागल्या, तर विनाकारण यंत्रे बदलण्याचा खर्च टाळून खरे कारण तो दाखवू शकेल.