शाडूचं वर्ष किती महिन्यांचं?

पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे, कळवे या गावांत विसर्जनानंतर जेमतेम महिनाभर सामसूम असते. दसरा-दिवाळी उरकली की साचे पुन्हा बाहेर निघतात आणि पुढच्या भाद्रपदाचं काम सुरू होतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, मूर्तिकाराच्या हाताशी अख्खं वर्ष असतं. शाडूत हात घालणाऱ्याला विचारा. त्याच्या लेखी वर्ष म्हणजे मूर्ती नीट वाळू शकते तेवढे महिने.

हा हिशेब नव्या मूर्तिकारानं पंचांग उघडूनच मांडायला हवा. 2024 ची चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, 2025 ची 27 ऑगस्टला. मध्ये मिळाले 354 दिवस. अधिक महिना आला की आकडा फुगतो: 2022 ची चतुर्थी 31 ऑगस्टला होती, 2023 ची 19 सप्टेंबरला, कारण त्या साली अधिक श्रावण होता. म्हणजे 384 दिवस. पण हे वाढीव दिवस सगळे पावसाळ्यात पडले. सुका हंगाम होता तेवढाच राहिला. अधिक महिन्याच्या भरवशावर ऑर्डरी वाढवणारे कारखाने आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांच्याकडे चतुर्थीच्या आदल्या रात्री ओल्या मूर्तींवर रंग चढताना पाहिला आहे.

2025 चा हंगाम तर सगळ्यांनाच धडा देऊन गेला. मुंबईत पाऊस सरासरीनं 11 जूनला येतो. त्या वर्षी तो 26 मे रोजीच हजर झाला. इतका लवकर तो आल्याची नोंदच नव्हती. कोकणातल्या कारखान्यांचा मे अखेरचा पंधरवडा, म्हणजे शेवटच्या खेपेच्या मूर्ती उन्हं खाऊन घेण्याचे दिवस, पाण्यात गेला. त्यात चतुर्थी ऑगस्टमध्ये. दोन्ही टोकांनी वर्ष आखडलं.

तिसरी अडचण न्यायालयातली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मे 2020 मध्ये मूर्तिविसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली. त्यांची काटेकोर अंमलबजावणी करा, असं मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये बजावलं. माघी उत्सवातल्या काही मोठ्या मूर्तींचं विसर्जन त्यामुळे अडकून पडलं. प्लास्टर चालणार की नाही, हे कुणी सांगेना. 9 जूनला न्यायालयानं प्लास्टरच्या मूर्ती बनवायला आणि विकायला मुभा दिली, नैसर्गिक पाणवठ्यांत विसर्जनाला मात्र दिली नाही. सहा फुटांहून उंच मूर्तींना पुढे जुलैमध्ये मार्च 2026 पर्यंतची सवलत मिळाली. या सगळ्या काळात घरगुती गणपतीवाले शाडूची चौकशी करत राहिले. मागणी वाढली ती नेमकी जून-जुलैत, जेव्हा शाडू सगळ्यात कमी वाळतो.

इथे प्लास्टरवर हात बसलेला माणूस फसतो. प्लास्टर पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. अर्ध्या-पाऊण तासात मूर्ती साच्यातून निघते, बाहेर पाऊस कितीही कोसळो. शाडूत अशी काही क्रिया नाही. गुजरातेतून, बहुतेक भावनगरकडून येणारी ही बारीक माती फक्त पाणी उडून गेल्यानं कडक होते, आणि सुकताना आकसते. हवाच दमट असली तर पाणी जाणार कुठे? म्हणून लोक पंखे लावतात, हॅलोजनचे दिवे लावतात. दिवा जवळ आणला की मूर्तीचं वरचं कातडं आधी आकसतं, पोट ओलंच राहतं, आणि कानाच्या मुळाशी, सोंडेच्या वळणावर, मनगटाला तडा जातो. त्या तड्यात ओली माती भरली तर तीही सुकून आकसते आणि तडा तिथेच पुन्हा उघडतो.

उपाय महागडे नाहीत, कंटाळवाणे आहेत. साच्यात दाबायची मातीची पोळी सगळीकडे सारख्या जाडीची हवी. जाड-पातळ झाली की तडा ठरलेला. पहिले दिवस मूर्ती सावलीत, झोताच्या वाऱ्यापासून लांब राहिली पाहिजे. दिवा लावायचाच तर लांबून आणि मूर्ती फिरवत. वाळली का ते पाहायला बुडाशी हात लावावा, कारण ओल सगळ्यात शेवटी तिथून जाते. ओला शाडू गडद दिसतो आणि हाताला गार लागतो. गार लागला तर सफेदा लावूच नये, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.

मग ऑर्डर किती घ्यायची? आपले हात दिवसाला किती मूर्ती काढतात, यावर बहुतेक नवे लोक ठरवतात. आमचं मत आता पक्कं आहे: फळ्या मोजाव्यात. एकमेकींना न चिकटता, चहूबाजूंनी हवा खेळेल अशा रीतीनं जेवढ्या मूर्ती मांडणीवर बसतात, तेवढीच पावसाळ्यातली खेप. जून उजाडल्यावर घडणीचं काम जवळजवळ थांबलेलं असावं. पावसाळा रंगकामाचा, आखणीचा. परदेशी जाणाऱ्या मूर्तींचं वेळापत्रक याहून कडक असतं, कारण त्या बोटीनं जातात आणि उन्हाळ्यातच खोक्यांत भरून निघाव्या लागतात. गंमत अशी की हेच गिऱ्हाईक मूर्तिकाराला सगळ्यात सोयीचं. त्याला शेवटच्या आठवड्यात काही बदलताच येत नाही.

बदल मागणाऱ्यांचा अनुभव मात्र कडू आहे. एका वसाहतीनं घरोघरच्या मूर्तींची एकत्र मागणी नोंदवली, आगाऊ रक्कम पुढच्या महिन्यात देऊ म्हणाली आणि भर आषाढात निम्म्या मूर्तींची उंची बदलून मागितली. तयार मूर्ती पडून राहिल्या. कोकणात आणि गोव्यात गिऱ्हाईक आपला पाट मूर्तिकाराकडे आणून ठेवतं. त्या पाटानं मूर्तीची रुंदी ठरते, आणि माणूसही बांधला जातो. शहरात पाट येत नाही, फोनवर फोटो येतो. म्हणून तिथे निम्मी रक्कम, उंची, बैठक आणि रंग हे सगळं लिहून घेतल्याशिवाय माती मळायलाच घेऊ नये.

भावाचंही तसंच. शाडूची मूर्ती प्लास्टरपेक्षा जड, नाजूक आणि सावकाश होणारी. गिऱ्हाईक तुलना मात्र बाजारातल्या प्लास्टरशी करतं, आणि नवा कलाकार लाजून भाव उतरवतो. मातीचा, रंगाचा खर्च सगळेच धरतात. तडकून गेलेल्या मूर्ती, दिव्यांचं बिल, महिनोन्‌महिने अडलेली जागा आणि वाहतुकीतली मोडतोड कुणी धरत नाही. हे चारही वहीत लिहिल्याशिवाय मूर्तीची खरी किंमत कळत नाही, आणि ती सांगितल्यावर जे गिऱ्हाईक उठून जातं, त्याला जाऊ द्यावं.

2026 ची चतुर्थी 14 सप्टेंबरला, 2027 ची 4 सप्टेंबरला. या दोन तारखांमध्ये अधिक महिना नाही. 2027 साठी शाडू करायचा विचार असेल तर माती दिवाळीपूर्वी भरून ठेवा आणि ऑर्डरी मे अखेर बंद करा.