आधी नागरिकत्व, मग अर्ज

प्रश्न : मी मूळची सांगलीची. सध्या टेक्सासमध्ये आयसीयूत नर्स आहे, ग्रीन कार्ड आहे. अमेरिकन लष्कराच्या भूलतज्ज्ञ नर्सच्या अभ्यासक्रमाला अर्ज करता येईल का?

उत्तर : इतक्यात नाही. तिथे विद्यार्थी लष्करी अधिकारी म्हणून शिकतात आणि त्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्डावर भागत नाही. लष्कराचा हा अभ्यासक्रम सॅन अँटोनियोत, बेलर विद्यापीठाशी संलग्न आहे. शेवटी डॉक्टरेट मिळते. फी नाही, उलट अधिकाऱ्याचा पगार मिळतो. मात्र नंतर काही वर्षांची सेवा बंधनकारक. ती किती, हे सही करण्याआधी करारातच वाचा, भरती अधिकाऱ्याच्या तोंडी शब्दावर राहू नका.

तोवर आयसीयूतला अनुभव पक्का करा. किमान एक वर्ष लागतंच. मुलाखतीत वर्षं मोजण्यापेक्षा खोलात विचारतात : रक्तदाब ढासळतोय, नॉरएपिनेफ्रिन चालू आहे, व्हेंटिलेटरचा अलार्म वाजतोय, आधी काय पाहाल? ‘डॉक्टरांना बोलावीन’ एवढंच सांगून सुटका नाही. आपल्याकडे भूल देणं डॉक्टरांचं काम, त्यामुळे स्वतः निर्णय घेणं आपल्या मुलींना जड जातं. म्हणून एखाद्या भूलतज्ज्ञ नर्ससोबत दिवसभर ऑपरेशन थिएटरमध्ये उभ्या राहून पाहा.