तलावाचा गाळ : माप खड्ड्याचे की ट्रॉलीचे?

गावाकडे जमीन असलेल्या आमच्या अनेक व्यापारी बंधूंच्या शिवारात जुना तलाव गाळाने भरून पडलेला असतो. प्रथम सातबारा पाहावा. तलाव सरकारी किंवा ग्रामपंचायतीचा असल्यास परवानगी घ्यावी लागते. काम पाणी आटल्यावर, एप्रिल-मे महिन्यात काढावे. मात्र मशीन बोलावण्यापूर्वी माप ठरवा. आम्ही कापडवाले भाव मीटरवर की ताग्यावर, हे आधी विचारतो. मातीचेही तसेच आहे.

अर्धा एकर म्हणजे २१,७८० चौरस फूट. सरसकट दोन फूट गाळ काढला तर ४३,५६० घनफूट, अर्थात सुमारे ४३५ ब्रास. तेवढ्या जागेत १२ लाख लिटरहून अधिक पाणी मावते. परंतु खोदलेली माती फुगते. पाव हिस्सा जरी फुगली तरी ट्रॉलीच्या मापाने तीच माती सुमारे ५४५ ब्रास भरते. यात लबाडी कुणाचीच नाही, तरी भांडण होते ते याच ११० ब्रासवरून. म्हणून करारात 'खड्ड्याचे माप' असे स्पष्ट लिहावे व तळात मातीचे दोन-चार खांब न खोदता राखावेत. त्यांच्या उंचीवरून खोली दोघांसमक्ष मोजता येते. हिशेब चुकता झाल्यावर ते काढून टाकावेत.

मुरूम दिसताच मशीन थांबवावे. तळाचा चिकण थर फुटला की पाणी झिरपून जाते. (विहिरींना पाझर हवा असेल तर गोष्ट वेगळी.) बांधाच्या पायथ्याला लागून खोदू नये. गाळ हलक्या जमिनीत पसरावा. सांडवा पावसाआधी मोकळा करावा. तो तुंबला तर पाणी बांधावरून वाहते आणि बांधच वाहून जातो.