संशोधनाच्या नोंदी आणि स्वतःचा सर्व्हर : काय लागते, किती लागते?

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघालेला रस्ता नेरे गावात येतो आणि पुढे मालडुंगे, धोदाणी या बाजूच्या आदिवासी वाड्यांकडे जातो. कुष्ठरोग निवारण समितीच्या ‘शांतिवना’मुळे या गावाचे नाव महाराष्ट्रात परिचित आहे. कुष्ठरोगाच्या कामात नोंद ठेवणे जितके अगत्याचे, तितकीच ती नोंद जपणेही अगत्याचे असते. रोगजंतूचा शरीरात प्रवेश झाल्यापासून लक्षणे दिसू लागेपर्यंत सरासरी पाच वर्षे आणि कधी कधी वीस वर्षेही लोटतात. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने रोग सहा किंवा बारा महिन्यांत बरा होतो. परंतु बधिर झालेल्या हातापायांची काळजी त्यानंतरही वर्षानुवर्षे घ्यावी लागते. डिसेंबर २००५ मध्ये देशाने दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले, तरी नवे रुग्ण सापडण्याचे थांबलेले नाही. साहजिकच या विषयावरील संशोधनाची नोंदवही वीस-पंचवीस वर्षे टिकली पाहिजे. आणि त्या नोंदवहीतील एकही नाव बाहेर जाता कामा नये. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांतून वगळले गेले ते २०१९ साली, एवढे लक्षात घेतले म्हणजे नाव फुटण्याचा अर्थ काय होतो हे निराळे सांगावयास नको.

आज अशा नोंदी कागदाऐवजी संगणकावर ठेवल्या जातात. कार्यकर्ता वाडीवर जाऊन मोबाइलवर माहिती भरतो, ती एका मध्यवर्ती संगणकात साठते आणि संशोधक आपल्या टेबलावरून ब्राउझरमधून ती पाहतो. या मध्यवर्ती संगणकास सर्व्हर म्हणतात. तो दुसऱ्याच्या ताब्यातील असावा की आपल्या स्वतःच्या, आणि स्वतःचा ठेवावयाचा झाल्यास काय काय लागेल, असा प्रश्न महाविद्यालये, सेवाभावी संस्था आणि जिल्ह्यातील कार्यालये यांच्यापुढे आता वारंवार येतो. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे; तेव्हा येथे तंत्रज्ञांची परिभाषा कमी आणि हिशेब अधिक आढळेल.

दोन टोके

पनवेल तालुक्यातच जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगत जुलै २०२० मध्ये ‘योट्टा एन. एम. १’ हे डेटा सेंटर सुरू झाले. सात हजारांहून अधिक रॅक सामावण्याची आणि पन्नास मेगावॅट वीज हाताळण्याची योजना असलेली ही इमारत आहे. अशा वरच्या, म्हणजे चौथ्या श्रेणीच्या केंद्रात वर्षाकाठी सुमारे सव्वीस मिनिटांपेक्षा जास्त खंड पडू नये, असा दंडक मानला जातो. दुसऱ्या टोकास नेऱ्यासारख्या गावात एखाद्या संस्थेच्या कार्यालयातील कपाटाशेजारी ठेवलेला एकच संगणक आहे, अशी कल्पना करू. दोन्ही ठिकाणी काम तेच चालते. फरक आहे तो यंत्राभोवतीच्या व्यवस्थेचा.

यंत्राचा हिशेब

उदाहरणापुरते असे समजू की, एका पाहणीत पाच हजार व्यक्ती आहेत आणि प्रत्येकीची दहा वेळा तपासणी होणार आहे. म्हणजे पन्नास हजार नोंदी झाल्या. एका नोंदीत तीनशे रकाने धरले तरी मजकूर सहा किलोबाइटच्या आसपास जाईल. सारा मजकूर मिळून सुमारे तीनशे मेगाबाइट होतो. कोणी, केव्हा, कोणता रकाना बदलला याचा इतिहास आणि शोधसूच्या धरून हा आकडा काही पटींनी वाढवला, तरी तो दोन-तीन गिगाबाइटांत बसतो. बोटभर पेनड्राइव्हमध्येही मावेल एवढाच हा ऐवज आहे.

परंतु प्रत्येक तपासणीत तळपायाच्या जखमेची दोन छायाचित्रे घेण्याचे ठरले की हिशेब बदलतो. एक लाख छायाचित्रे, प्रत्येकी तीन मेगाबाइटचे, म्हणजे तीनशे गिगाबाइट. मजकुराच्या शंभर पट! म्हणून यंत्र खरेदीचा प्रस्ताव लिहिण्यापूर्वी प्रश्नावली पाहावी. छायाचित्रे किती, ध्वनिमुद्रणे किती, एक्स-रेच्या प्रती किती, यावरच डिस्क ठरते. पुष्कळ कार्यालयांत हा क्रम उलटा होतो. आधी निविदा निघते आणि मग प्रश्नावली तयार होते.

वीस-पंचवीस माणसे एकाच वेळी माहिती भरणार असतील, तर चार गाभ्यांचा प्रोसेसर, सोळा गिगाबाइट रॅम आणि एकमेकींची तंतोतंत नक्कल ठेवणाऱ्या, प्रत्येकी एक टेराबाइटच्या दोन एस.एस.डी. डिस्क पुरे होतात. यापेक्षा मोठे यंत्र घेण्यात हरकत नाही. फक्त त्यासाठी बॅटरीच्या आणि प्रतींच्या खर्चात काटछाट करू नये.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन. ‘नेरे’ या शब्दात न, एकार, र, एकार अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. जागेच्या दृष्टीने हे नगण्य आहे. पण डेटाबेस बसविताना युनिकोडची पूर्ण पद्धत निवडली नाही तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे साठतात आणि मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या याद्या जशाच्या तशा चढविल्यास त्यांत शोध घेता येत नाही. त्या आधी रूपांतरित करून घ्याव्यात.

आज्ञावलीचे घटक

वैद्यकीय संशोधनात पुष्कळ वापरली जाणारी ‘रेडकॅप’ ही आज्ञावली अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ साली तयार झाली. विद्यापीठाशी करार करणाऱ्या ना-नफा संस्थांना ती विनामूल्य मिळते. मात्र करार संस्थेने करावयाचा असतो, एकट्या संशोधकाने नव्हे. ती चालण्यास एक वेब सर्व्हर, पी.एच.पी. ही भाषा, मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस आणि पत्रे पाठविण्यासाठी ई-मेलची सोय लागते. हे सारे लहान कामासाठी एकाच यंत्रावर बसते. डेटाबेस वेगळ्या यंत्रावर ठेवला तर अधिक सुरक्षित.

दोन बारीक गोष्टी मात्र राहून जातात. एक, ठरावीक वेळेला आपोआप चालणारे काम. रेडकॅपला ते दर मिनिटाला चालावे लागते. ते बंद पडले की स्मरणपत्रे जात नाहीत, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरी, चढविलेल्या कागदपत्रांची आणि छायाचित्रांची जागा. ती वेब सर्व्हर जगाला दाखवतो त्या फोल्डरच्या बाहेर असली पाहिजे. नाहीतर पत्ता ओळखणाऱ्या कोणासही परवलीच्या शब्दावाचून रुग्णाचे छायाचित्र उघडता येईल.

वीज आणि पाऊस

कोकणात सर्व्हरचा खरा शत्रू पावसाळा होय. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच सुमारास गाढी नदीच्या पुराने पनवेलमध्येही पाणी शिरले. तेव्हा यंत्र तळमजल्यावर ठेवू नये, खिडकीखाली ठेवू नये आणि जमिनीवर तर मुळीच ठेवू नये. आषाढ-श्रावणात हवेतील दमटपणाने धातूचे जोड गंजतात. त्यामुळे खोली थंड असण्याइतकीच कोरडी असणेही महत्त्वाचे आहे.

विजेचा हिशेब सोपा आहे. लहान सर्व्हर आणि राउटर मिळून शंभर वॅट धरले, तर महिन्यास बहात्तर युनिट होतात. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर अठराशे वॅट-तास असतात. पण बॅटरी पूर्ण रिकामी करावयाची नसते व रूपांतरात काही वीज वाया जाते. हाती सुमारे हजार वॅट-तास, म्हणजे दहा तास येतात. घरगुती इन्व्हर्टर वीज बदलताना क्षणभर अडखळतो, तेवढ्याने संगणक बंद पडू शकतो. म्हणून मध्ये लहान यू.पी.एस. हवा. आणि दहा तासांनंतर? ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा जिल्ह्यातील अनेक गावांत वीज कित्येक दिवस नव्हती. इतक्या दिवसांची बॅटरी कोणी ठेवू शकत नाही. त्याऐवजी बॅटरी उतरत आली की सर्व्हर स्वतःहून व्यवस्थित बंद होईल अशी योजना करावी, आणि वाडीवरच्या कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये इंटरनेटशिवाय माहिती भरून नंतर पाठविण्याची सोय असलेलीच आज्ञावली निवडावी. रेडकॅपच्या मोबाइल ॲपमध्ये ती आहे; ‘कोबो टूलबॉक्स’मध्येही आहे.

जोडणी

साध्या ब्रॉडबँड जोडणीत पुष्कळदा अनेक ग्राहकांत मिळून एकच सार्वजनिक पत्ता असतो. बाहेरून येणाऱ्यास मग आपला सर्व्हर सापडत नाही. म्हणून कायम, स्वतंत्र आय.पी. पत्ता मागून घ्यावा लागतो व त्यास वेगळे शुल्क पडते. शिवाय कंपन्या जाहिरातीत उतरणीचा वेग सांगतात. आपणास चढणीचाही तितकाच हवा. सेकंदास दहा मेगाबिट चढण असेल, तर वर सांगितलेली तीनशे गिगाबाइट छायाचित्रे दुसऱ्या गावी पाठविण्यास अखंड सदुसष्ट तास, म्हणजे जवळजवळ पावणेतीन दिवस लागतील. पहिली प्रत म्हणूनच डिस्कवर उतरवून एस.टी.ने नेलेली बरी!

दळणवळण गुप्त ठेवणारे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेकडून विनामूल्य मिळते. त्याची मुदत थोडीच असते. नूतनीकरण आपोआप होत आहे ना, हे पाहण्याची जबाबदारी कोणाच्या तरी नावावर लिहिलेली असावी.

प्रती

दोन डिस्कवर एकच माहिती असणे म्हणजे बॅकअप नव्हे. एकीवरची नोंद चुकून पुसली की त्याच क्षणी दुसरीवरचीही पुसली जाते. मला माहीत असलेल्या एका कार्यालयात रोज रात्री प्रत निघत असे आणि ती निघाल्याची नोंदही रजिस्टरात व्यवस्थित होत असे. डिस्क निकामी झाली त्या दिवशी कळले की, प्रत त्याच डिस्कवर निघत होती. मूळ धरून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावात, हा जगभर मानला गेलेला नियम आहे. नेऱ्याची प्रत नेऱ्यातच ठेवून भागणार नाही. ती गाढीच्या खोऱ्याबाहेर, पुणे किंवा नाशिकसारख्या ठिकाणी असावी, आणि जाण्यापूर्वी कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात बदललेली असावी. दर मे महिन्यात एक प्रत रिकाम्या यंत्रावर प्रत्यक्ष उतरवून पाहावी आणि किती तास लागले ते लिहून ठेवावे.

माणूस आणि कायदा

यंत्र एकदा विकत घेता येते. आठवड्यातून काही तास त्याच्याकडे पाहणारा माणूस मात्र दरमहा लागतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर चढविणे, सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करणे, कोण कोठून आत आले याच्या नोंदी पाहणे ही त्याची कामे. तो रजेवर गेल्यास दुसरा कोण, हे ठरलेले नसेल तर स्वतःचा सर्व्हर ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा संस्थेने एखाद्या विद्यापीठाच्या किंवा डेटा सेंटरच्या यंत्रावर जागा घ्यावी आणि नावांची यादी तेवढी आपल्या ताब्यात ठेवावी. संशोधनाच्या तक्त्यात केवळ क्रमांक असावा. कोणता क्रमांक कोणाचा, ही किल्ली दुसऱ्या ठिकाणी, दोन-तीनच व्यक्तींच्या हाती असावी. स्वतःचा सर्व्हर असलेल्यांनीही हे करावेच.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे सहभागी व्यक्तींच्या गोपनीयतेची जबाबदारी संशोधकावर टाकतात. संगणकावरील घुसखोरीची माहिती सहा तासांच्या आत कळविणे आणि यंत्राच्या नोंदी १८० दिवस जपणे, असा ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेचा २८ एप्रिल २०२२चा निर्देश आहे. सरकारी संस्थांनाही तो लागू आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संशोधनास काही सवलत आहे, परंतु त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घेतला जात नसेल तरच. संशोधनाच्याच नोंदवहीवरून रुग्णाची औषधे ठरत असतील, तर सवलत गृहीत धरता येणार नाही. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद याच अधिनियमात असून, त्याची कलमे टप्प्याटप्प्याने अंमलात आणण्याचे ठरले आहे.

पाच-सहा वर्षांनी यंत्र जुने होते आणि निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो. प्रस्तावात संगणक, मॉनिटर, यू.पी.एस. यांची यादी असते आणि सारा ढीग लिलावात जातो. त्यापूर्वी डिस्क काढून घ्याव्यात. नुसती माहिती पुसली असे शेऱ्यात न लिहिता त्या दोन साक्षीदारांसमक्ष फोडाव्यात आणि त्यांचे अनुक्रमांक पंचनाम्यात नमूद करून मगच लिलावाची तारीख लावावी.