गुरुवारचा अभ्यास : नव्या शाळेत आलेली चिऊ



या वेळच्या अभ्यासाला विषय आहे, घर मोडतं तेव्हा घरातल्या लहान मुलाचं काय होतं. लिहायचं माझ्याकडे आलं, कारण हे आमच्याच घरात घडलंय आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते अर्धंमुर्धं माहीत आहे. मुलीचं नाव लिहीत नाही, चिऊ म्हणते. तिने आणि तिच्या आईने हा लेख आधी वाचलाय. चिऊने दोन वाक्यं खोडली, ती मी पुन्हा घातलेली नाहीत.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर माझी धाकटी नणंद नाशिकहून बडोद्याला आली. दोन बॅगा आणि नऊ वर्षांची चिऊ, चौथीतली. आठवडाभर सगळे म्हणत होतो, माहेरपणाला आलीय. शेजारी विचारायचे, मी तेच सांगायचे. आपल्या केंद्रातही तेच सांगितलं. नणंद परत जाणार नाही हे मला पहिल्याच रात्री कळलं होतं, तरी सांगत राहिले. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच संबंध येणार आहे.

खरं सांगायचं तर मला ते आवडलंही नव्हतं. दोन खोल्यांचं घर, सासूबाईंचं आजारपण, मुलाची बारावी. नणंद रडायची आणि मी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आवाज करत घासायची. मुलांना काही कळत नाही असं आपण म्हणतो. चिऊ दुसऱ्या दिवसापासून आपलं ताट आपण धुवायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं. मी तिचं कौतुक केलं, किती समजूतदार म्हणून! आता वाटतं, नऊ वर्षांचं पोर न सांगता ताट धुतं, तेव्हा कौतुक नंतर करावं, आधी ते का धुतंय ते बघावं.

शाळेचा प्रश्न लगेच आला. जुन्या शाळेने दाखला अडवला, फी बाकी आहे आणि वडिलांची सही हवी म्हणून. वडील सही देईनात. इथे एक माहिती देते, ती कोणाच्या तरी उपयोगी पडेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम ५ आहे. मूल एका शाळेतून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असेल, तर पहिल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो. आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही किंवा लांबवू शकत नाही. कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. आमच्या ह्यांनी अर्जात ते कलम लिहिलं आणि घराजवळच्या अनुदानित शाळेत आठ दिवसांत प्रवेश मिळाला. दाखला पार फेब्रुवारीत आला.

पण शाळा गुजराती माध्यमाची. मराठी माध्यमाची होती, ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि सोडायला-आणायला कोण जाणार? नणंद नोकरी शोधत होती.

जन्म बडोद्यात गेलेल्या आपल्याला गुजराती म्हणजे काहीच नाही. बाहेरून आलेल्या पोरीसाठी ते काय असतं ते मला तिच्या वहीत दिसलं. गुजरातीला डोक्यावरची रेघ नसते. ग, न, म, प, र ओळखीचे वाटतात आणि मग अ, क, ज, ब, फ अगदीच वेगळे निघतात. चिऊ सवयीने प्रत्येक शब्दावर रेघ मारायची, मग खोडरबराने पुसायची. कागद भोकं पडेपर्यंत. अंक मात्र जवळजवळ आपलेच, म्हणून गणिताच्या तासाला ती सुखात असे.

एक दिवस रडत आली, बेन मला छोकरी म्हणाल्या. गुजरातीत छोकरी म्हणजे नुसती मुलगी, त्यात वावगं काही नाही. पण आपल्या कानाला ते कसं लागतं! तिला वाटलं, बाबांनी सोडलं म्हणून मला असं बोलतात. मी हसून समजावलं. नुसतं हसायला नको होतं.

सासऱ्यांनी तिला सयाजीरावांची गोष्ट सांगितली. १८७५ साली नाशिककडच्याच कवळाण्याचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा गोपाळ दत्तक आला, बडोद्याला नव्याने सगळं शिकला, आणि त्याच राजाने १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा. सासरे रंगात आले होते. चिऊने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजोबा, त्याला आईची आठवण यायची नाही का?" आजोबांकडे उत्तर नव्हतं. आपण मुलांना मोठ्यांच्या गोष्टी सांगतो त्या शेवट चांगला आहे म्हणून. मूल मात्र गोष्टीच्या मधल्या जागेवर उभं असतं.

दर सोमवारी सकाळी पोटात दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. सासूबाई म्हणायच्या, नाटकं. नाटक नव्हतं ते, खरंच दुखायचं. रविवारी बाबांचा फोन यायचा, कधी यायचा नाही, आणि फोन झाला की घरात सासूबाई सुरू व्हायच्या त्या माणसावर. तिच्यासमोर. सोमवारचं दुखणं कुठून येत होतं ते कळायला आम्हाला दोन महिने लागले.

आता मुख्य प्रसंग. शाळेत सगळे विचारायचे, "तारा पप्पा शुं करे छे?" चिऊने सांगितलं, दुबईला असतात. पुढे ते वाढत गेलं. दुबईहून चॉकलेटं येणार, बाहुली येणार. जानेवारीत पालकांना बोलावलं होतं आणि चिऊने मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं, पप्पा विमानाने येणार आहेत. त्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावली. आई हाका मारून दमली. सासूबाई ओरडल्या. ह्यांनी दार तोडायची भाषा केली.

मी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत पाठवलं आणि दाराशी पाट घेऊन बसले, मेथी निवडत. फार काही ठरवून नाही, मेथी निवडायचीच होती. बराच वेळ काही बोलले नाही. मग आतून आवाज आला, "मामी, मी खोटं बोलले. आता देव मला शिक्षा करणार."

आपण केंद्रात मुलांना शिकवतो, खरं बोलावं. मी स्वतः शिकवते. त्या वेळी ते तोंडावर आलं होतं. पण मला आठवलं, आठवडाभर अख्ख्या गल्लीला माहेरपण सांगणारी कोण होती? मी म्हटलं, "चिऊ, आधी मी खोटं बोलले. तू माझ्याकडून शिकलीस. मला लाज वाटत होती."

आत शांतता. मग तिने विचारलं, "माझी लाज?"

त्या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. त्यानंतर ती जे बोलली त्यातलं एवढंच लिहायची परवानगी आहे, की आई-बाबांचं शेवटचं मोठं भांडण तिने दूध सांडलं त्यावरून सुरू झालं होतं. दोन महिने हे पोर समजत होतं की घर आपण मोडलं. घरात आल्या दिवसापासून ती रोज पेला दोन्ही हातांनी धरून, न सांगता दूध संपवत होती. आम्ही सगळे बघत होतो आणि कोणालाच काही दिसलं नव्हतं.

इथे ताटीच्या अभंगांची आठवण होते. परंपरा सांगते, विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई गेल्यावर चार भावंडं उरली, समाजाने वाळीत टाकलेली. मुक्ताई सर्वांत धाकटी. लोकांच्या बोलण्याने ज्ञानदेव दुखावले, झोपडीचं दार लावून आत बसले, तेव्हा बाहेर उभी राहून समजावणारी ती होती. आमच्याकडे उलटं होतं, लहान आत आणि मोठी बाहेर. पण एक गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा जाणवली. आपण त्या अभंगांत ज्ञानदेवांचं दुःख बघतो. आई-बाप मुक्ताईचेही गेले होते, लोक तिलाही बोलत होते. तिचं दार कोणी वाजवलं असेल? धाकटी समजूतदार आहे म्हटलं की तिच्याकडे बघायचं राहून जातं.

कडी तासाभराने निघाली. शाळेत त्या दिवशी मी गेले. वर्गाच्या बेनना सगळं खरं सांगितलं. बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, आधी सांगितलं असतं तर मी तो प्रश्न वर्गात येऊच दिला नसता. मग घरी बसून आम्ही तिघींनी एक वाक्य तयार केलं, खरं आणि लहान. पप्पा नाशिकला राहतात, मी आणि आई इथे राहतो. गुजरातीत पाठ केलं. त्याच्या पुढे कोणी विचारलं तर उत्तर द्यायची तिच्यावर सक्ती नाही, हेही सांगितलं. दुबईचं काय झालं? दोन मुली चार दिवस हसल्या, मग परीक्षा आली.

घरात दोन गोष्टी बदलल्या. सासूबाईंना ह्यांनी हात जोडून सांगितलं, जावयाला बोलायचं ते चिऊ शाळेत असताना बोल. पूर्ण थांबलं नाही, पण कमी झालं. आणि मी माझ्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून तिला दिला, किल्लीसकट. त्यात ती काय ठेवते मला माहीत नाही. पोटदुखी हळूहळू गेली, एकदम नाही. आजही रविवारी फोन आला नाही की तिचा चेहरा उतरतो. ते कोणाच्या हातात नाही.

केंद्रात येणाऱ्यांना एक विनंती. प्रसाद देताना "हिचे बाबा दिसत नाहीत?" असं मोठ्याने विचारू नका. प्रेमाने विचारता हे कळतं. तरीही.

अभ्यासासाठी घरी बोलायचा प्रश्न एकच देते. आपल्या घरातली कुठली गोष्ट आपण मोठी माणसं बाहेर वेगळी सांगतो, आणि ती मुलांनी ऐकली आहे का? मुलांना समोर बसवून बोला. आधी मोठ्यांनी सांगायचं.

येत्या गुरुवारी ताटीचे अभंग वाचायचे आहेत. वाचणार चिऊ आहे. शुक्रवारी तिचा गुजरातीचा पेपर आहे, तेव्हा कृपया सगळ्यांनी वेळेवर या, साडेसहाला सुरू करू.