शव्वालचे सहा रोजे आणि मधुमेहाची गोळी

रमजान ईद होते, शिरखुर्मा शेजारीपाजारी पोचतो आणि दोन-चार दिवसांत देहूरोडच्या काही मुस्लिम घरांत पुन्हा पहाटे चूल पेटते. ही तयारी असते शव्वालच्या सहा रोज्यांची.

रमजाननंतरचा महिना म्हणजे शव्वाल. त्याची पहिली तारीख ईदची. त्या दिवशी रोजा धरता येत नाही. पुढचे सहा रोजे ऐच्छिक, म्हणजे नफल असतात. सत्कृत्याचे फळ दसपट मिळते. त्या हिशेबाने रमजानचे ३० रोजे ३०० दिवसांचे व हे ६ रोजे ६० दिवसांचे. अशा रीतीने वर्षभराच्या रोज्यांचे पुण्य लाभते, अशी श्रद्धा आहे.

निरोगी माणसाला हे रोजे सहसा जड जात नाहीत. मधुमेही व्यक्तीने मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रमजानसाठी डॉक्टर गोळ्यांच्या वेळा व मात्रा बदलून देतात. ईदनंतर नेहमीची मात्रा सुरू होते. मग शव्वालचा रोजा धरताना सकाळची तीच गोळी सहेरीला घेतली जाते. दुपारचे जेवण मात्र नसते. त्यामुळे दुपारनंतर रक्तातील साखर एकदम उतरू शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांना हा धोका अधिक. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना कमी. समजा, त्या वेळी माणूस कारखान्यात मशीनवर उभा असेल किंवा महामार्गावर गाडी चालवत असेल, तर एका भोवळीने काय होईल, हे सांगायला नको.

म्हणून ईदनंतर पुन्हा एकदा डॉक्टरांना भेटून रोज्याच्या दिवसाची मात्रा विचारून घ्यावी. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. रोज्यात बोटातून रक्त काढून साखर तपासता येते. त्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा सोडावा. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता त्याला थेट दवाखान्यात न्यावे.

हे सहा रोजे सलग धरलेच पाहिजेत असे नाही. महिनाभरात सुट्टीचे दिवस पाहून धरता येतात. २०२३ ते २०२५ या तिन्ही वर्षी ईद मार्च अखेर ते एप्रिलमध्ये आली. अशा उन्हाळ्यात इफ्तार ते सहेरी थोडे थोडे पाणी पीत राहावे. सहेरीला भाकरी, उसळ, दही घ्यावे. तळलेले व गोड बेताने.

आजाऱ्याला फर्ज रोज्यांतही सवलत आहे, मग नफल रोज्यासाठी जिवाला धोका कशाला? मोडलेल्या रोज्याचे काय करावे ते मौलानांना विचारावे. गोळीचे काय करावे ते मात्र डॉक्टरांनाच!