काळी ज्वारी, पांढरी भाकरी

इतिहासाच्या वर्गात 1943 चा बंगालचा दुष्काळ शिकविताना युद्ध, साठेबाजी आणि ब्रिटिश राजवटीची बेपर्वाई ही कारणे सांगितली जातात, आणि ती योग्यच आहेत. परंतु 1942 मध्ये तेथील भातावर तपकिरी ठिपक्यांचा बुरशीजन्य रोग मोठ्या प्रमाणावर पसरला होता, हे क्वचितच सांगितले जाते. एकट्या बुरशीने दुष्काळ पडत नाही, हे खरे. पण गरिबाच्या ताटाला ती आधी भिडते. त्या दुष्काळानंतर, 1946 मध्ये, कटक येथे केंद्रीय भात संशोधन संस्था उभी राहिली. रोगप्रतिकारक भातवाणांची पैदास हे तिच्या प्रमुख कामांपैकी एक ठरले.

आपल्या परभणी जिल्ह्याचे अन्न मात्र भात नव्हे, ज्वारी. इथल्या ज्वारीलाही बुरशीचा इतिहास आहे, आणि तो बराचसा माणसाने घडविलेला आहे.

जुनी खरीप ज्वारी उंच वाढे आणि उशिरा येई. दिवस लहान होऊ लागल्यावरच ती निसवत असे. त्यामुळे पाऊस ओसरल्यावर, कोरड्या हवेत तिचा दाणा पक्व होई. उतारा कमी, पण दाणा स्वच्छ. 1964 मध्ये सीएसएच-1 हा देशातील ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसारित झाला. तो ठेंगणा, लवकर येणारा आणि भरघोस होता. अन्नटंचाईच्या त्या काळात अशा वाणांनी कित्येक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हे नाकारता येणार नाही. मात्र लवकर येणाऱ्या ज्वारीचा दाणा सप्टेंबरच्या पावसात भरू लागला. ओल्या कणसावर फ्युजेरियम, कर्व्ह्युलॅरिया अशा अनेक बुरशी एकाच वेळी वाढतात. दाणा आधी गुलाबीसर, मग काळा पडतो, आतून पिठूळ होतो आणि बियाणे म्हणूनही उगवत नाही.

काळी ज्वारी बाजारात पडत्या भावाने जाते. काही कोंबडीखाद्यात, काही मद्यनिर्मितीच्या कारखान्यांत. उरलेली कोणाच्या घरात गेली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. 1995 मध्ये दख्खनच्या पठारावरील काही गावांत पावसात भिजलेली, बुरशी आलेली ज्वारी व मका खाल्ल्याने लोकांना पोटदुखी व जुलाब झाले. तपासणीत त्या धान्यात फ्युमोनिसिन हे बुरशीजन्य विष आढळले. आजारी पडलेली कुटुंबे गावातील सर्वांत गरीब होती. चांगले धान्य विकत घेण्याची ज्यांची ऐपत होती, त्यांना ते खावेच लागले नाही.

मग बुरशीला दाद न देणारी ज्वारी का निर्माण करू नये? अडचण रंगात आहे. लाल-तपकिरी दाण्याच्या ज्वारीत टॅनिनसारखी द्रव्ये असतात आणि ती बुरशीला रोखतात. पण तिची भाकरी तुरट आणि काळपट होते. आपल्याला पांढरी, गोड भाकरी हवी. म्हणजे पैदासकाराला प्रतिकारशक्ती अन्यत्र शोधावी लागते: टणक दाणा, पाणी लवकर निथळणारे मोकळे कणीस, दाण्याला झाकून ठेवणारे लांब तूस. असे गुण असलेल्या ताटांचा चांगल्या वाणाशी संकर करतात. संततीतील कणसे फुलोऱ्यापासून पक्व होईपर्यंत तुषार सिंचनाने मुद्दाम ओली ठेवतात. जी काळी पडतील ती बाद. हे पिढ्यान्‌पिढ्या, हंगामामागून हंगाम चालते. प्रतिकारशक्ती एका जनुकावर अवलंबून नसल्यामुळे इथे घाई उपयोगाची नाही.

18 मे 1972 रोजी स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने या कामात मोलाची भर घातली. तेथील ‘परभणी श्वेता’, म्हणजेच पीव्हीके 801, हा खरीप वाण पांढऱ्या दाण्याचा असूनही काळ्या बुरशीला सहनशील आहे. सहनशील हा शब्द नेमका घ्यावा. झड आठवडाभर लागून राहिली, तर तोही डागाळतो. म्हणून दाण्याच्या तळाशी काळा ठिपका दिसताच, पक्वता आली असे समजून कापणी करावी आणि कणसे वाळवावीत.

हा सरळ वाण आहे, संकरित नव्हे. त्यामुळे नीट निवडून राखलेले घरचे बी पुढच्या वर्षी पेरता येते. दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठी ही गोष्ट उताऱ्याइतकीच महत्त्वाची. मात्र दरम्यानच्या काळात मराठवाड्यातील खरीप ज्वारीची पुष्कळशी जमीन सोयाबीन आणि कापसाने घेतली आहे. बुरशीला तोंड देणारी पांढरी ज्वारी हाती आली, तोवर तिचे शिवारच आकसत चालले होते.